शुक्रवारचा भोंगा

८ ऑगस्ट १९९४, सोमवार
पाऊस. डबा नेला नाही. ऑफिसात दिल्लीहून फॉर्मचा नमुना आला. १९ जुलैच्या पुरात आपत्ती योजना कशी चालली, याचं मूल्यमापन. सुरुवात आमच्या गल्लीपासून. चाळीस घरं, घरटी एक फॉर्म. साहेब म्हणाले, माधवराव, तुमचं घर त्यातच येतं, दुसऱ्याला देतो. मी म्हटलं, नको. प्रमोदिनीला जाऊन वीस दिवस झाले. काम हाती असलेलं बरं.
मुख्य प्रश्न चौथा: धोक्याचा सायरन ऐकला? होय/नाही. यात अडचण नाही. सकाळी सव्वाअकराला आमच्या ऑफिसातून वाजवल्याची नोंद आहे. शिवाय जूनच्या सायरन-चाचणीत चाळीसही घरांनी होय लिहिलं होतं. प्रमोदिनी तर त्या संध्याकाळी मी घरी आल्यावर म्हणाली होती, तुमचा भोंगा चांगला वाजतो हो. म्हणजे जुलैतही तिने ऐकलाच. धान्याचे डबे माळ्यावर चढवत थांबली असणार, तेवढ्यात मागची भिंत अंगावर आली. स्वभावच तसा.
उद्यापासून रोज दहा घरं. शुक्रवारी अहवाल. रविवारी डबे घासायचे. पूर ओसरल्यापासून सातही गाळासकट मोरीत पडले आहेत.

१० ऑगस्ट
दोन दिवसांत तीन घरं. पावसामुळे. तिघांचंही उत्तर नाही. घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. शेरा: स्मरण अस्पष्ट.

११ ऑगस्ट
शेजारच्या ठकुबाईकडे गेलो. मागच्या यंत्रमाग कारखान्यात सुताच्या कांड्या भरते. म्हणाली, भाऊ, सायरन कंचा? शंभर लूम चालू असल्यावर नवरा कानात वरडला तरी समजत न्हाय. बरंच हाय ते. मी जूनचा फॉर्म दाखवला, त्यावर तिचा अंगठा. म्हणाली, तवा शुक्रवार व्हता ना. शुक्रवारी लूम बंद. मग हळूच विचारलं, जेवलात का. जेवलो म्हटलं.
तिचं म्हणणं 'इतर' रकान्यात घेतलं.

१३ ऑगस्ट, शनिवार
अहवाल झाला नाही. फॉर्म भिजले होते. जूनची फाइल काढली. चाचणीचा वार मीच सुचवला होता. माझ्याच अक्षरात: शुक्रवारी लूमची सुट्टी, आवाज स्पष्ट येईल. साहेबांनी समासात 'उत्तम' लिहिलं आहे.
एका चाचणीने निकाल लागेल. मंगळवारी, पुराच्याच वेळेला, शिपाई तुळशीरामने ऑफिसातला हाताचा सायरन फिरवायचा. मी आमच्या स्वयंपाकघरात उभा राहणार. घर ऑफिसपासून लांब नाही. ऐकू येणारच. लोक घाबरू नयेत म्हणून गल्लीत आधी सांगून ठेवायचं.

१४ ऑगस्ट
डबे राहिले.

१६ ऑगस्ट, मंगळवार
घड्याळ रेडिओशी लावलं. स्वयंपाकघरात उभा राहिलो. सव्वाअकरा. लूमचा खडखडाट. फळीवरचं पातेलं थरथरत होतं. अकरा पंचवीस. गल्लीत सांगून ठेवायचं विसरलोच होतो, पण कोणी दाराशीही आलं नाही.
तुळशीराम खांदा चोळत आला. म्हणाला, पाच मिनटं फिरवला भाऊ, हात ऱ्हायला नाय. कसा आला आवाज? मी म्हटलं, आला.
तो गेल्यावर स्टुलावर चढून माळा पाहिला. रिकामा. मोरीतले डबे मोजले. सातही तिथेच.
यादीतला चाळिसावा फॉर्म आमच्या घराचा. प्रश्न चौथा: नाही.
मग डबे घासले. एकेक पुसून ओट्यावर पालथा घातला.