पट्टीवर ठोकलेल्या नावाबाबत

बिस्मिल्लाह. मी, सरदार इब्राहीम मिस्तरी, वय ७१, धंदा लेथकाम, राहणार अमळनेर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहितो. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे.

१. घर व दुकानाची जागा शरियतप्रमाणे बेगम हसीनाबी व मुलगा अतिक यांना जावी. त्यात माझी लुडबूड नाही.

२. वारस नसलेल्याला एक तृतीयांशापर्यंत देता येतं, आणि सून वारस नसते. त्या हक्काने लेथ व पट्ट्या वाकवून तपासायचं मशीन सून नाजमीन हिला देतो. अतिकने तोंड वाकडं करू नये. "चांगल्या पट्ट्या मोडून टाकतं" म्हणत तो हे मशीन भंगारात घालायला निघाला होता. अरे, मोडल्याशिवाय कळणार कसं?

३. धुळ्याच्या जनावरांच्या डॉक्टर रूपाताईंना मोडक्या हाडांवर बसवायच्या स्टीलच्या पट्ट्या मी वीस वर्षं करून दिल्या. दर खेपेतली एक पट्टी दोन ठोकळ्यांवर ठेवून मधोमध वजन टांगायचो. टिकली की झालं! नाजमीन म्हणाली, "अब्बा, बैल काय एकदाच पाय टेकतो?" पोरीने स्वतःच्या शिलाई मशीनची मोटर काढून पट्टी हजारो वेळा वाकवणारं यंत्र उभं केलं. दहावी नापास पोर! मला आयुष्यभर सुचलं नाही ते तिला सुचलं. तिचा मला फार अभिमान वाटतो.

४. त्या यंत्रावर सात पट्ट्या मोडल्या, सगळ्या एकाच जागी. स्क्रूच्या भोकाशेजारी मी हौसेने "सरदार" ठोकायचो, त्या खोल अक्षरांतून चीर जायची. बिननावाच्या पट्ट्या तिप्पट टिकल्या. यापुढे कोणाचंही नाव ठोकू नये, आणि तपासल्याशिवाय खेप धुळ्याला जाऊ नये.

५. शिंदखेड्याच्या अभिमन पाटलाच्या गोऱ्ह्याच्या पायातली पट्टी मोडली, तेव्हा मी त्याला तिथल्याच भर बाजारात बोललो होतो, "माझा माल मोडत नाही. तूच गोऱ्हा लवकर जुंपलास." गोऱ्हा गेला. तुटकी पट्टी त्याने ठेवली होती, ती परवा मागवून पाहिली. चीर नावातूनच गेलीय. चूक माझी होती. माझ्यामागे हे त्याच बाजारात वाचून दाखवावं.

साक्षीला मुद्दाम अभिमनलाच बोलावलं. त्याने पाचवं कलम दोनदा वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"मिस्तरी, हाई जित्तेपनी सांगाले पाहिजे."

खरं आहे त्याचं. सबब पाचवं कलम माझ्या मृत्यूची वाट पाहणार नाही.

सही: सरदार इब्राहीम मिस्तरी
अमळनेर, दि. १२ जानेवारी २०२५

साक्षीदार:
१. भटू रामदास चौधरी, अमळनेर (सही)
२. अभिमन झुलाल पाटील, शिंदखेडा (सही)
ही दुसरी सही दि. १६ जानेवारी २०२५ रोजी, शिंदखेड्याच्या बाजारात, पाचवं कलम चारचौघांसमोर वाचून झाल्यावर केली.