काळ्या घोंगड्यांची बातमी

गुरुवार, २५ नोव्हेंबर १९७१
श्री. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला, पोथी वाचली. केळी महाग, तीनच आणली. देवीला, आईसाहेबांना, चालतं.
सांजेला हळदीकुंकू. समोरच्या साळोखेवैनी आणि मागच्या बोळातल्या दोघी आल्या. आणि बोलले एकदाचं. यांनी घोकून घेतलं होतं तस्संच. "पेठ वडगावच्या बाजारातली काळी घोंगडी लष्कर सगळी घेणार म्हणे."
हे कॉलेजात सैन्यशास्त्र शिकवतात. तीन वर्षं प्रबंध चाललाय, लढाईच्या दिवसांत गावात गुपित कसं फुटतं यावर. पुण्याच्या मार्गदर्शकांनी म्हणे सांगितलं, नुसती पुस्तकं नकोत, करून बघा. म्हणून हा उद्योग. यांनी न्हाव्याकडे हेच वाक्य सोडलं, पण घोंगडी पांढरी. माझी काळी. फिरून कानावर आलं की रंगावरून कळणार, कुठल्या वाटेनं आलं.
"खोटं का बोलायचं अहो?"
"खोटं नव्हे, प्रयोग. घोंगड्यानं कुणाचं काय वाकडं व्हायचंय?"
बोलताना बोट कुंकवात होतं. वारही गुरुवार. आई म्हणायची, घरात बोलताना जपावं, वास्तू तथास्तु म्हणते.
दूधवाली आक्काताई नैवेद्याचं दूध घेऊन त्याच वेळी दारात आली. सवाशीण, रिकामी कशी पाठवू. तिलाही कुंकू लावलं. तिनंही ऐकलं. तिचा शिवाजी पलटणीत आहे, थोरला. ते तेव्हा ध्यानात आलं नाही.

शनि. २७ नोव्हें.
पांढरी परत आली. वाणी यांना म्हणाला, "मास्तर, मिलट्री वडगावात पांढरी घोंगडी घेतीया, बर्फात दिसू नये म्हणून." हे इतके खूश की दोनदा चहा मागितला. बर्फ यांनी घातलेलं नव्हतं, ते वाण्याच्या वाटेत कुठेतरी लागलं. मलाही हसू आलं.
माझी अजून यायची आहे. न आली तर बरं.

मंगळ. ३० नोव्हें.
आली. साळोखेवैनी धुण्याच्या दगडावर मलाच सांगतात, "ऐकलंसा का? काळी घोंगडी न्यायला पाच टरक येणार हायत." मी म्हटलं, होय का. यांनी सांगितलंय, आश्चर्य दाखवायचं, हो नाही म्हणायचं नाही.
यांना सांगितलं. तारीख घालून टिपून घेतलं. "तुझी सावकाश चालते, पण फुगते जास्त."
माझी म्हणाले. माझी कशी?

गुरु. २ डिसें.
दुसरा गुरुवार. कुणाला बोलावलं नाही. पोथीत मन नव्हतं. वाडीला नवस बोलले, हे सुरळीत मिटलं तर दत्ताच्या पादुकांना खडीसाखर नि अभिषेक. यांना सांगितलं नाही, हसतील.

शनि. ४ डिसें.
लढाई लागली. काल रात्री रेडिओ.
रात्री उजेड बाहेर दिसू द्यायचा नाही, हुकूम आहे. आज दुकानातून काळा कागद संपला. जुनी काळी छत्री उसवून खिडकीला लावली, वाया जात होतीच. कंदील कॉटखाली. गावभर एकेक उठतंय. राधानगरीचं धरण फोडणार, पंचगंगेत विष घातलंय. प्रत्येक ऐकताना वाटतं, हीही कुणीतरी घरात बसून घोकून घेतली असेल का. पूर्वी असं वाटायचं नाही. ऐकायचं नि घाबरायचं, एवढंच.
हे म्हणाले, प्रयोग बंद. आता कुणी विचारलं तरी आपण काही बोललो नाही.
बंद म्हणजे काय? आपण बंद केला. गावानं कुठे केलाय.

सोम. ६ डिसें.
आक्काताई दूध घालायची थांबली, माप हातातच. म्हणाली, "वैनी, एक इच्यारू? ती काळी घोंगडी मुडदं गुंडाळाय नेत्यात म्हणं. आमच्याकडच्या पलटणीची. काळं म्हंजी रगात दिसत न्हाय."
मी म्हटलं, कोण म्हणतं असं.
"समदी म्हणत्यात. पर आधी तुमच्याच दारात ऐकल्यालं की मी. तुमचं मालक मिलट्रीचं मास्तर, तुमास्नी आतलं ठावं असणार. तवा का सांगितलं न्हाईसा, कशापायी नेत्यात ते?"
तोंडाशी आलं होतं, बाई गं, यातलं काही खरं नाही, आम्ही केलंय ते. हे आतून खाकरले. मी भांडं पुढं केलं.
दूध नासलं दुपारी. भांडं मीच धुतलेलं.

बुध. ८ डिसें.
चौकातल्या हॉटेलातून एकाला धरून नेलं, अफवा पसरवतो म्हणून. हा कोण, काय बोलला, ठाऊक नाही. हे कॉलेजातून आले ते पांढरेफटक. जेवले नाहीत. प्रबंधाचे कागद बंबात घालू का विचारत होते. मी म्हटलं, तीन वर्षांचे कष्ट आहेत. म्हणाले, "तीन वर्षं आत बसायची वेळ आली तर?" कागद गहू ठेवायच्या पत्र्याच्या डब्यात तळाशी. वर गहू.
आक्काताईला सांगायचं का, विचारलं. "तिला सांगणं म्हणजे गावाला सांगणं. नाव घेऊ नकोस."

गुरु. ९ डिसें.
तिसरा गुरुवार. उपास. आक्काताई दूध घालून गेली. शिवाजीचं पत्र नाही. पायात वहाणा नाहीत तिच्या. नवस असणार.

शुक्र. १० डिसें.

सरकारी ट्रक आज खरंच आला पेठ वडगावात. बाजारातली घोंगडी भरून नेली. साळोखेवैनींचे दीर तिथं होते, डोळ्यांनी बघितलं. पाच नव्हे, एकच. पण काळी आणि पांढरी दोन्ही.
यांना सांगितलं. "योगायोग. थंडी आहे, घेतली असतील." मग परत, "पण आपल्याला आधी कसं कळलं, याला काय उत्तर देणार?"
मी देवापुढे गेले. तथास्तु कोण म्हणालं? त्या दिवशी मी जे जे म्हटलं ते खरं झालं. मग पुढचं, जे मी म्हटलं नाही, लोकांनी जोडलं, तेही?

शनि. ११ डिसें.
साध्या कपड्यातले एक गृहस्थ आले. गोड बोलणं, चपला बाहेर काढल्या, चहा नको म्हणाले, मग घेतला. मी माजघरात दाराआड.
"मास्तर, सरकारी खरेदी. कागद हलायच्या आधी पंधरा दिवस गावात बोभाटा. आम्ही वाट काढत आलो तर या आळीपर्यंत येते. तुमचा तर हाच विषय. तुमच्या कानावर कुठनं आलं?"
यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "दूधवालीकडून. रोज येते, बडबडते."
गृहस्थांनी नाव, गाव विचारलं. यांनी सांगितलं.
ते गेल्यावर मी म्हटलं, हे काय केलंत.
"खोटं कुठे बोललो? तिच्याकडूनच आलं ना परत?"
परत आलं. गेलं कुणाकडून?
रात्री यांना झोप नाही. मला तर नाहीच. पाठीला पाठ.

रवि. १२ डिसें.
दूध आलं नाही. कोरा चहा. हे न विचारता प्यायले.

सोम. १३ डिसें.
आक्काताई आली. ओट्यावर बसली, पहिल्यांदाच. एरवी घाईत असते. काल दिवसभर चौकीत बसवलं होतं. म्हशी पान्हावल्या नाहीत तिच्याशिवाय, मालकानं कशाबशा काढल्या.
"कुणी सांगितलं, कुणी सांगितलं, एकच धोशा. मी म्हणलं, घाटावर ऐकलं. कोण बाई? म्हणलं, धुणं धुताना त्वांड कोण बघतंय."
"माझं नाव का नाही घेतलंस?"
"तुमचं नाव कशाला घालू चवकीत? कुंकू लावलं हुतंसा की त्या दिशी. बाकीच्यांच्या दारात भांडं पुढं करत्यात निस्तं."
मग मला धरवलं नाही. सांगितलं. सगळं. ते खोटं होतं, यांच्या अभ्यासासाठी होतं, मी घोकून बोलले, मुडद्यांचं तर कुणीतरी मागनं जोडलं. तुझा शिवाजी खुशाल असणार. पायांना हात लावायला गेले तर तिनं हात धरले.
आणि काय म्हणाली? "वैनी, माझं मन ऱ्हावं म्हणून सांगताय व्हय. खोटं असतं तर टरक कसा आला?"
शपथ घातली. आईसाहेबांची. ऐकेना.
"ऱ्हाऊ द्या. तुमची तिकडं वळख हाय, येवढं पोचवा." पदराखालून घोंगडं काढलं. काळं, जुनं, कडेला तांबडा दोरा. शिवाजी रानात राखणीला जाताना पांघरायचा ते. "माझ्या पोराला दुसऱ्याचं नगं. त्येचं त्येला असू द्या."
मी नको म्हणाले नाही. कसं म्हणणार? घेतलं.
खरं सांगून काही झालं नाही. खोटं एका वाक्यात गेलं होतं गावभर. खरं ओट्यावरून खाली उतरेना.

मंगळ. १४ डिसें.
घोंगडं कॉटवर आहे. म्हशीचा, धुराचा वास. हे घरात आले, बघितलं, विचारलं. सांगितलं. उभेच राहिले. मग बाहेर गेले ते दिवेलागणीनंतर आले. दिवे तर लागत नाहीतच.

बुध. १५ डिसें.
आक्काताईला शुक्रवारी दहाला परत बोलावलंय. या खेपेला तिच्या मालकालाही. साळोखेवैनी म्हणतात, "त्यांची म्हस इकाय लागती बगा आता, वकिलापायी."
रात्री यांना म्हटलं, मी जाऊन सांगते, काळी माझी होती.
"मग विचारतील, तुला कुणी सांगायला लावलं."
"विचारू देत."
"नोकरी जाईल. त्याहून वाईटही होईल. आणि तुझं तरी कोण खरं मानणार आहे? दूधवालीनं मानलं का?"
ते खरं आहे. म्हणूनच भीती वाटते. न मानता धरून ठेवतील दोघींना. यांनाही. पण यांचा आवाज आज वरचा नव्हता. लहान पोरासारखा होता. मला त्याचीही भीती वाटली. एवढी वर्षं हा माणूस नकाशावर बोट ठेवून लढाया शिकवतो.

गुरु. १६ डिसें.
शेवटचा गुरुवार. उद्यापन. पाच सवाशिणी बोलवाव्या लागतात. साळोखेवैनी म्हणाल्या, "आज येवढ्या गप का? एरवी काय तरी बातमी असती तुमच्याकडं." हसल्या सगळ्या. कुंकू त्यांच्या भुवईपर्यंत गेलं.
पाचवी आक्काताई. यायला तयार नव्हती, मी जाऊन आणली. पाटावर बसवली, ओटी भरली. बाकीच्या जरा सरकून बसल्या.
सांजेला रेडिओवर पूर्वेकडचं संपलं म्हणून सांगितलं. शरण आले. बोळात फटाके, ओरडा, कुणी पेढे आणले. खिडकीवरची छत्री काढू का म्हटलं तर हे म्हणाले, राहू दे, हुकूम यायचा आहे.
आक्काताई पेढा हातात घेऊन तशीच बसलेली. खाल्ला नाही, टाकलाही नाही. "पत्र याला किती दीस लागत्यात वो तिकडनं?" यांच्याकडे बघून. यांना प्रबंधात सगळं माहीत असतं. म्हणाले, "सांगता येत नाही आक्काताई." तिला नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली.
पेढा पदराला बांधून गेली.

शुक्र. १७ डिसें. सकाळ
अवस. आज कुठे निघू नये म्हणतात.
दूध आलं, माप भरून, वर थोडं सोडलं नेहमीसारखं. म्हणाली, दहाला जाते. पत्र नाही.
नऊवारी नेसले. देवापुढे फक्त हात जोडले, काही मागितलं नाही, आता मागायचंही भय वाटतं. घोंगडं घडी करून घेतलंय. चौकीत विचारलं, पुरावा काय, तर दाखवायला माझ्याकडे हेच. आणि हे काही पुरावा नाही, मलाही कळतं.
गव्हाचा डबा बाजूला सरकलेला आहे. कणीक काढायला गेले तेव्हा दिसलं. गहू परातीत ओतून ठेवलेत. कागद नाहीत. बंब गार आहे, हात लावून बघितला.
हे केव्हाचे बूट घालून ओट्यावर बसलेत. मांडीवर पिशवी, कागदांनी फुगलेली. कॉलेजची वेळ अकराची.
कुठे निघालात, विचारलं नाही. त्यांनीही घोंगड्याकडे बघितलं, विचारलं नाही.
साडेनऊ झाले. कुलूप लावते.