अकरा पोरं आणि आठची जीप

९ जून, सोमवार
बंद! एका ओळीचा आदेश. पटसंख्या अकरा, म्हणून वाडीतली शाळा बंद. सोळा तारखेपासून पोरं खालच्या मोठ्या शाळेत. सकाळी आठला डोंगराच्या पलीकडच्या डांबरीवर जीप येणार. माझी बदली दहिवलीला, घरापासून दहा मिनिटांवर! सगळे अभिनंदन करताहेत. मला रडू येतंय.

१० जून
ओजसनं पुण्याहून व्हिडिओ पाठवला. कोटवाला माणूस सांगतोय, बदलाकडे संधी म्हणून बघा. बघते हो! आईला उपदेश करायला लेकाला आता परका माणूस लागतो.

माझी भीती वेगळीच आहे. सात वर्षांत एकही पोर आपणहून शाळेत आलेलं नाही. रोज पायथ्याच्या कोंडाणे गावात स्कूटर लावायची, वीस मिनिटं चढायचं आणि दारोदार हाका मारत एकेकाला गोळा करायचं. पोशाला तर ओढ्यातून बाहेर काढायचं – खेकडे धरत बसलेला असतो! जीपवाला थोडाच थांबणार? आठवडाभरात सगळी शेळ्यांमागे जातील.

१२ जून
पोशाच्या आईला, सोमीला भेटले. म्हटलं, आदेशाविरुद्ध अर्ज करू, बायकांचे अंगठे गोळा कर. ती भाकरी थापतच राहिली. "बाई, तुमी बोलवाय येता म्हनून पोरं बसून ऱ्हातात. त्यांना म्हाईत हाय, बाई येनारच."

फार लागलं. सात वर्षं गुडघे झिजवले ते हे ऐकायला? चहा न घेताच उतरले.

१३ जून
स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला. वर्षच तर उरलंय. दहिवलीत साठ पोरं, टॅबवर हजेरी – मला नाही जमायचं.

१६ जून
दहिवलीत उशिरा येते म्हणून कळवलं आणि पहाटेच निघाले. म्हटलं, शेवटचं गोळा करून जीपमध्ये बसवून देते.

पायवाटेनं चढून सव्वासातला वाडीत. पोशा घरात नाही. मंगळ्या नाही. कुणीच नाही! शेजारची सोनाबाई अंगण झाडत होती. "कवाच गेली, बाई. जीप चुकंल म्हनून."

पलीकडे धावत उतरले. अकराच्या अकरा डांबरीवर उभी, डोक्याला तेल चोपडून! पोशा म्हणतो, "बाई, तुमाला उशीर झाला!"

जीप गेल्यावर दगडावर बसून रडले. सोमीचं खरं होतं. त्यांना ती सवय मीच लावली. आणि रोज कुणीतरी माझी वाट बघतंय, हे मला आवडत होतं. तेही लिहून टाकते.

१८ जून
टॅब दोनदा बंद पाडला. चौथीतल्या प्रणितानं चालू करून दिला, वर म्हणाली, "घाबरू नका, बाई." अर्ज अजून पर्समध्येच आहे.

२२ जून, रविवार
दारात सोमी! पहिल्यांदाच माझ्या घरी, बरोबर वाडीतल्या चौघी. मोबाइल पुढे केला – नव्या शाळेचा मेसेज आला होता. मी चष्मा लावून वाचणार, तेवढ्यात तिनं फोन मागे ओढला.

"तुमी नका वाचू, बाई. आमाला वाचाय शिकवा."