रोल धुवून आला

चामोर्शी,
ता. १२ डिसेंबर २०२४

प्रिय मयुरी,

बरी असशील. फोन तुझ्या बाबांच्या हाती असतो, म्हणून ही चिठ्ठी तुझ्या मैत्रिणीजवळ, रंजीताजवळ देतो. सगळीकडे धानाचा चुरणा सुरू आहे, मळणी सोडून स्टुडिओत कोणी फिरकत नाही. मी आमच्या मालकांचा, पत्रूभाऊंचा जुना जर्मन कॅमेरा पुसत बसतो.

काय डोकं चालवलं आहे त्या लोकांनी. आधीच्या घडीच्या कॅमेऱ्यात भिंग हातानं रुळावर ओढावं लागे. मग त्यांनी बाजूला अशा पट्ट्या जोडल्या, की बटण दाबताच झाकण पडतं, भिंगामागचा कातडी भाता ताणला जातो आणि भिंग आपल्या जागी ताठ उभं. मिटला की खिशात. मागची लाल खिडकीही उगीच नाही. जुन्या फिल्मला लाल उजेड बाधत नसे, म्हणून तिथून फोटोचा नंबर पाहायचा.

तुझा फोटो याच कॅमेऱ्यानं काढायचा हट्ट तू धरलास, तेव्हा मी फुलून गेलो. वाटलं, तुलाही तो आवडला.

त्यात अंतर आपणच मोजून लावावं लागतं. मी टेप घेऊन तुझ्या नाकापर्यंत आलो तर तू म्हणालीस, "भांडताना तर मोजत नाईस, आता काऊन मोजून राह्यला?" सोबत आलेले तुझे बाबा, मुखरूकाकाही हसले. सरांशी भांडून कॉलेज अर्ध्यात सोडलेल्या माझ्यासारख्या पोरापुढे ते पहिल्यांदाच हसले असतील.

फोटो घुग्घुसच्या स्थळाकडे जाणार, हे माहीत होतं. डोकं भणकत होतं. तरी म्हटलं, तुझा आहे, चांगलाच काढायचा. रोल पुण्याला धुवायला पाठवला आणि लवकर दे म्हणून लॅबवाल्याशीही भांडलो.

काल आला. कानामागून सुटलेली तुझी एक बटसुद्धा त्यात वेगळी दिसते. बाकीचं मला लिहिता येत नाही.

रंजीतानं पाहिला आणि मलाच झापलं. "येड्या, फोनवर एका मिन्टात निघाला असता. तिनं रोलच काऊन मागितला? धुवून येईपर्यंत तिकडचे थांबले ना."

तू वेळ मागत होतीस, आणि मी पट्ट्या पाहत होतो.

सकाळी काका विचारायला आले. रोल आलाच नाही म्हणालो, तेही हळू आवाजात. पण असं किती दिवस सांगू? फोटो आणि निगेटिव्ह दोन्ही सोबतच्या पाकिटात आहेत, माझ्याजवळ काही ठेवलं नाही. तिकडं पाठवायचा असेल तर काकांना दे. मी भांडायला येणार नाही. नसेल पाठवायचा, तर तुला मी पाहिजे एवढं त्यांना तूच सांग. मग येतो मी तुझ्या घरी, बसून बोलायला.

तुझा (हा शब्द नको असेल तर तूच खोड)
प्रणित