अर्धं पाणी, अर्धं सॅनिटायझर

रविवार, १ मार्च
आजपासून ही वही. संशोधनाच्या नोंदी ठेवल्या पाहिजेत. पुढे लोक विचारतात.

पार्श्वभूमी: सकाळी मोहोळच्या उड्डाणपुलावर युवराजने आपल्याला ओव्हरटेक केलं. युवराज म्हणजे शालनचा धाकटा भाऊ. नवी गाडी. जाताना हात दाखवला. शालन म्हणाली, नमस्कार केला त्यानं. बायकोला भावाचं सगळंच नमस्कारासारखं दिसतं.

आपली जीप अकरा वर्षांची, टर्बो डिझेल. हल्ली चढावर दमते. शालन म्हणते, मेकॅनिकला दाखवा. मी दुपारी तीन व्हिडिओ पाहिले. निदान झालं. टर्बो हवा दाबतो, दाबली की ती तापते, तापली की विरळ होते. म्हणून त्या हवेत पाणी आणि अल्कोहोलचा फवारा मारायचा. हवा गार, ताकद दुप्पट. (दुप्पट असं व्हिडिओत नव्हतं. माझा अंदाज.)

२२ तारखेला शालनच्या भाचीचा, संस्कृतीचा, नातेपुत्यात साखरपुडा. युवराजच्या आधी पोचायचं. बस.

मंगळवार, ३ मार्च
फवाऱ्याचं किट मागवलं. पंप, नळी, नोझल. शालनला सांगितलं, बागेसाठी आहे. आपल्याला बाग नाही, हे तिने लक्षात आणून दिलं.

तिचं वेगळंच चाललंय. साखरपुड्याच्या जेवणासाठी सहाशे कडक भाकऱ्यांची ऑर्डर घेतली. एवढी मोठी पहिलीच. तिच्या बहिणीच्या, म्हणजे संस्कृतीच्या आईच्या, सासरचे हसले म्हणे, घरात बसून एक बाई सहाशे भाकऱ्या करणार होय. भाकऱ्या आपल्याच जीपमधून न्यायच्या. मी परवानगी दिली. वजन वाढेल, पण संशोधनात अडचणी असतातच.

सोमवार, ९ मार्च
किट आलं. मेथेनॉल, म्हणजे फवाऱ्यातलं अल्कोहोल (विषारी असतं), कुठेच मिळेना. कारखान्यात चौकशी केली. (सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे.) मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. प्रेमळ माणूस.

उपाय मीच शोधला. स्टोअरमध्ये कोविडच्या वेळचे सॅनिटायझरचे कॅन पडून आहेत. अल्कोहोलच की ते.

बुधवार, ११ मार्च
सॅनिटायझर जेलवालं निघालं. नोझल चोंदलं. गॅरेजवाला चनबसप्पा म्हणाला, इंजिन हात धुतंय का साहेब? दुर्लक्ष केलं.

शनिवार, १४ मार्च
पातळ सॅनिटायझर मिळालं. अर्धं पाणी, अर्धं ते. चनबसप्पाकडून सगळं बसवून घेतलं. त्याचं मध्येच टुमणं, टर्बोच्या पाईपची क्लिप ढिली हाय, दाबलेली हवा भाईर जातीय, तेवढी आवळू द्या. शिक्षण कमी असलं की माणसाला सोपीच उत्तरं सुचतात. मी चहा सांगायला गेलो, तेवढ्यात तो स्क्रूड्रायव्हर घेऊन बोनेटखाली काहीतरी करत बसला. वेळ जात नसेल.

मग होटगी रोडला चाचणी. जीप अशी पळाली की टोपी उडाली. घरी आल्यावर लक्षात आलं, पंपाचा स्विच चालू करायचाच राहिला होता. म्हणजे नुसतं बसवल्याने एवढा फरक!

मंगळवार, १७ मार्च
पुढचा टप्पा: प्रोपेन गॅस. डिझेलसोबत तोही जाळला की आणखी ताकद. घरच्या सिलिंडरमध्ये तेच थोडंफार असतं. सकाळी सिलिंडर जीपपर्यंत नेला. शालन पिठाच्या हातांनी फाटकात येऊन उभी राहिली. मी सिलिंडर परत नेऊन ठेवला. दमलो होतो म्हणून.

दुपारी चनबसप्पालाही विचारून पाहिलं. म्हणाला, "माझं गॅरेज हाय साहेब, स्मशान न्हाय."

प्रोपेन तूर्त स्थगित. तांत्रिक कारणं.

शनिवार, २१ मार्च
गाडी बंद झाली की पंप आपोआप बंद व्हावा म्हणून चनबसप्पाने एक वायर जोडली होती. ती स्विचच्या मध्ये येत होती. काढली. तो फोनवर म्हणाला, पाणी इंजिनात साचलं तर पिस्टनचं दांडं वाकतील. किती नकारात्मक माणूस.

शालन आणि शेजारच्या दोघी तीन दिवस भाजतायत. घरभर भाकऱ्यांच्या चळती. मला बसायला जागा नाही.

रविवार, २२ मार्च, सकाळी १०
वेळापूरच्या अलीकडे, दगडावर बसून लिहितोय.

आरशात युवराज दिसला. स्विच दाबला. त्याला मागे टाकलं! मग हॉटेलवर चहाला थांबलो, मुद्दाम, तो जाताना त्याला दिसावं म्हणून. पंपाचा स्विच चालूच राहिला. दहा मिनिटांनी चावी फिरवली. एकच आवाज आला, ठक्क.

मागून आलेला युवराज थांबला. हात वगैरे काही दाखवला नाही. बाह्या सरसावल्या आणि सहाशे भाकऱ्या आपल्या गाडीत भरल्या. एका माणसापुरती जागा उरली.

शालन म्हणाली, "तुमी गाडीपाशी थांबा. भाकऱ्या येळेवर गेल्या पायजेत."

तेच योग्य होतं. संशोधकाने यंत्रापाशी थांबावं.

त्याच दिवशी, सायंकाळी ५
जीप टेम्पोवर चढवून सोलापूरला पाठवली. मी एका ट्रॅक्टरवर बसून नातेपुत्याला आलो. साखरपुडा उरकला होता. भाकऱ्याही संपल्या होत्या. नवऱ्याकडच्यांनी लग्नाची ऑर्डरही शालनलाच दिली, दीड हजार. मला दारातच एकाने विचारलं, आपण कोण. नाव, हुद्दा, कारखाना सगळं सांगितलं. तो तसाच बघत राहिला. शेवटी म्हणालो, भाकरीवाल्या शालनताईंचे मिस्टर. लगेच खुर्ची मिळाली.

शालनने दोन भाकऱ्या फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. तिने विचारलं, "तुमाला कुटं लागलं न्हाय न्हवं?" मी नाही म्हणालो. भाकरी चांगली झाली होती. हे तिला सांगायला हवं होतं.

सोमवार, २३ मार्च
चनबसप्पाने इंजिन खोललं. दोन दांडे वाकलेत. त्याने ते माझ्यासमोर ठेवले आणि हात पुसत आत निघून गेला. बोलला असता तर बरं झालं असतं.

लग्नाच्या ऑर्डरसाठी शालनने टेम्पो ठरवला. टेम्पोवाल्याला तिनेच विचारलं, मागं एक माणूस बसंल का. तो म्हणाला, चळती धरून बसणार असंल तर बसू दे.

मी धरून बसणार आहे.