तोंड धुण्याचं पाणी

३ ऑगस्ट

आले बाई एकदाची! तायतुंगहून निघताना आई म्हणाली होती, एवढा समुद्र सोडून कुठे त्या कारखान्यांच्या धुरात चाललीस? पण छांगह्वाच्या या वसाहतीत धूर कमी आणि बडबड जास्त. मालक त्साव शेठनी फाटकातच माझी फिरकी घेतली. मासे खाऊन वाढलेली पोर, हिला निकेल काय कळणार? मी म्हटलं, हल्ली मासेही निकेल खातात, शेठ. ते इतके हसले की तोंडातली सुपारी घशात अडकली.

कारखाना नळांना मुलामा देण्याचा. एका बाजूने चकचकीत नळ बाहेर पडतात, दुसऱ्या बाजूने ते धुतलेलं हिरवट पाणी माझ्याकडे येतं. जमिनीखालच्या हौदात ते साठतं, पंपाने वर टाक्यांत चढतं. त्यात औषधं घालायची, गाळ खाली बसवायचा आणि शेवटच्या टाकीतलं नितळ पाणी तपासून वसाहतीच्या गटारात सोडायचं. निकेल किती चालेल, क्रोम किती, हे वसाहतीच्या कार्यालयाने ठरवून दिलंय. कणभर जास्त निघालं की आपली वाहिनी बंद! मला असे नियम आवडतात. माणसं मागेपुढे करतात, आकडा करत नाही.

पंपावर कोणीतरी खाऊचं हिरवं पाकीट ठेवलंय, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून. मला हसू आलं, पण हलवलं नाही. नवी सून दोन दिवस गप्पच बरी.

९ ऑगस्ट

खानावळीच्या आ-त्साई मावशी मला बोटभर कमी जेवू देत नाहीत. डुकराच्या मटणाचा रस्सा, भात, वर रताळ्याचा पाला आणि शेवटी मुगाची गार खीर. नको म्हटलं तर म्हणतात, "काडीपैलवान झालीयेस, टाकीत वाकलीस तर वाऱ्याने पडशील."

आज खीर वाढता वाढता त्यांनी सांगून टाकलं. माझ्या जागेवर काही वर्षांपूर्वी त्यांचा चे-वेई होता. एकुलता एक. खालच्या हौदात पंप अडकला म्हणून शिडीने उतरला आणि तळाशी साचलेल्या वायूने तिथेच पडला. वर काढला तेव्हा तोंडभर हिरवा गाळ थापलेला. विषारी म्हणून दवाखान्याने कोणाला हात लावू दिला नाही. तसाच पिशवीत बंद झाला, तसाच जळला.

"मला फक्त त्याचं तोंड धुवायचं होतं गं," म्हणाल्या. "शाळेतून आला की आधी तोंड धुवायचे मी त्याचं. मग जेवण."

मी खिरीची वाटी बाजूला सारली. शेठनी मला हे का सांगितलं नाही?

१४ ऑगस्ट

सातवा महिना लागला. पाताळाची दारं उघडली, महिनाभर मेलेले सगळे वर. शेठनी सकाळी सगळ्यांना बजावलं की शीळ घालायची नाही, पाठीमागून कोणाला नावाने हाक मारायची नाही आणि 'तो' शब्द तर काढायचाच नाही. 'बंधू' म्हणायचं. मी विचारलं, बंधूंना मर्यादेत सोडायचं की कसं? कोणी हसलं नाही.

पौर्णिमेला अंगणात त्यांचं पान मांडतात. प्रवास करून आलेल्यांनी तोंड धुवावं म्हणून तसराळ्यात पाणी, नवा टॉवेल, फणी. मावशी चे-वेईसाठी वेगळं पांढरं तसराळं मांडतात. म्हणाल्या, दरवर्षी टॉवेल ओला सापडतो. "येतो गं. धुतो. पण एका धुण्यात जायचं का ते? दरसाल थोडं थोडं निघतंय. यंदा डोळे मोकळे होतील."

त्यांच्या तोंडावर इतका आनंद होता की मी मान डोलावली.

२८ ऑगस्ट

आज पौर्णिमा, आणि वादळाने नदी गढूळ केलेली, नळ दोन दिवस कोरडे. दुकानांत पाण्याची बाटली औषधालाही नाही. मेजावर कोंबड्या, फळं, बिअर सगळं मांडून झालं आणि तसराळं रिकामं. मावशी रडकुंडीला आल्या.

शेठ म्हणाले, "अहो, आपली शेवटची टाकी आहे की! पोरीने आल्यापासून पाणी आरशासारखं केलंय. काय गं छिन, नियमात आहे ना?"

सकाळीच मी तपासलं होतं. निकेल मर्यादेच्या निम्मंसुद्धा नव्हतं. फुशारकीने सांगितलं तसं. मावशींनी माझा हात धरून विचारलं, पोरी, तोंड धुण्यासारखं आहे ना? म्हटलं, अगदी. आणि मीच तसराळं भरून आणलं. उन्हात पाणी काय सुंदर दिसत होतं.

२९ ऑगस्ट

टॉवेल ओला नव्हता. वाळून पापडासारखा कडक झालेला आणि त्यावर हिरव्या खरपुडीत अख्खा चेहरा उमटलेला. नाक, हनुवटी. डोळ्यांच्या जागी मात्र कापड चोळून चोळून फाटलं होतं.

मावशींनी तो घडी करून, तान्हं मूल पदराआड धरावं तसा छातीशी धरला. एवढंच पुटपुटल्या, "किती चुरचुरलं असेल."

मी काय करून बसले? तो आकडा गटारासाठी काढलेला. वसाहतीच्या मोठ्या सांडपाणी केंद्रात पुढे आणखी शुद्ध होणार म्हणून एवढं चालेल, असा. माणसाच्या डोळ्यांना किती चालेल हे त्या तक्त्यात कोणी लिहिलेलंच नाही. आणि मी छाती फुगवून 'अगदी' म्हणाले.

२ सप्टेंबर

पांढरं तसराळं सकाळी माझ्या दाराशी होतं. रिकामं. मावशी म्हणतात, मी नाही ठेवलं.

नळ आलेत. ताजं पाणी भरून अंगणात ठेवलं. माझ्या डोळ्यांदेखत, भर दुपारी, ते कडेकडेने हिरवं होत गेलं. मग पृष्ठभाग हलला. कोणीतरी ओंजळ घालावी तसा.

तरी पळाले नाही. म्हटलं, चे-वेई, दादा, थांब, मी करते काहीतरी.

५ सप्टेंबर

कोळशातून गाळलं. राळेतून गाळलं. पुन्हा गाळलं. यंत्र शून्य दाखवतंय. इतकं शुद्ध पाणी या वसाहतीत कोणी केलं नसेल. शेठ ओरडले, गटाराला कोणी अमृत पाजतं का?

तसराळ्यात ओतलं. हिरवं.

आता शेवटच्या टाकीतही दिसतो. नितळ पाण्याखाली, पाठमोरा, दोन्ही हातांनी तोंड घासत असतो. घासतच असतो. हाक मारायची नाही म्हणतात. मी मारली. तो वळायला लागला आणि मी—

नाही बघितलं. धीरच झाला नाही.

८ सप्टेंबर

मावशींनी स्वयंपाक सोडला. हौदाच्या झाकणावर बसून असतात. मी पाय धरले, माफी मागितली. डोक्यावरून हात फिरवला त्यांनी. म्हणाल्या, तू मुद्दाम नाही केलंस, पण बारा तारखेला दारं मिटतात. मग वर्षभर तो तसाच. खाली, अंधारात, डोळे जळत.

मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१० सप्टेंबर

माझ्या बोटांच्या पेरांना हिरवं. साबणाने जात नाही. जाऊ नये, असंच वाटतं.

मावशी म्हणाल्या, कुठलंही पाणी ठेवलं तरी तो एकटाच धुतो ना, तेच चुकतं. लहान मुलाला स्वतःचं तोंड धुता येतं का?

१२ सप्टेंबर

झाकण उघडं आहे.

मावशी खाली आहेत. तसराळं घेऊन उतरल्या. अग्निशामकला फोन केला, शेठना केला, निघालेत. वायूचं यंत्र किंचाळतंय. पहिलं शिकवतात तेच— आत कोणी पडलं तर मागे उतरायचं नाही, दुसरा मरतो तो असाच. म्हणून काठावर बसून लिहितेय. हात थांबला की पाय उतरायला लागतात.

पण त्या पडलेल्या नाहीत. तळाशी बसल्यात, मांडीवर त्याचं डोकं. बोलताहेत. मीट डोळे, राजा, झालं, झालंच आता. पाण्याचा आवाज येतोय. आणि तो— तो लहान मुलासारखा हसला.

चेहरा निघतोय. गाल दिसला. गोरा. अजून एक डोळा राहिलाय—

मावशींचा आवाज जड होतोय. अग्निशामकवाले फोनवर म्हणतात, पोचतोच.

टॉवेल, म्हणाल्या. वर राहिला गं, टॉवेल दे. तो माझ्याच मांडीवर आहे. टाकला तर गाळात पडेल, पुन्हा घाण होईल. श्वास रोखून दोन पायऱ्या, नुसता हात खाली केला तरी—