शून्याचं पत्रक

१४ फेब्रुवारी, बुधवार

नेब्रास्का सरकारचं पत्र. जनेलच्या दुकानाच्या नावाने. "तुमचे डिसेंबरचे विक्रीकर पत्रक मिळालेले नाही. पंचवीस डॉलर दंड."

पत्रक कसलं? डिसेंबरात विकलंय कोणी! माझी पोर एकोणीस नोव्हेंबरला गेली. शुक्रवारी म्हणाली, आई डोकं दुखतंय. रविवारी उपासनेच्या वेळेला नव्हतीच.

पाकीट पावाच्या डब्याखाली ठेवलंय. डेल्बर्टला दाखवलं नाही.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

आणखी दोन आली. मिझुरी आणि मिनेसोटा.

चूक माझीच आहे, लिहूनच टाकते. जनेल बाळांच्या गोधड्या शिवायची आणि इंटरनेटवर विकायची. नऊ राज्यांत जायच्या. प्रत्येक राज्याचा कर वेगळा, तारखा वेगळ्या, गावागणिक आणखी पाव टक्का इकडे अर्धा टक्का तिकडे — एकट्या पोरीने शिवायचं कधी आणि हे कधी करायचं! म्हणून तिने एक कंपनी लावली होती. दुकानातले आकडे आपोआप त्यांच्याकडे जायचे. तिथली माणसं राज्यवार वाटणी करून दर महिन्याला नऊ पत्रकं भरायची, आमच्या खात्यातून कर उचलून ज्याचा त्याला पोचता करायची. हिशेबाची वही माझ्याकडे. भागीदार म्हणून माझं नावही तिने घातलेलं. "आई, तू नसतीस तर मी तुरुंगात असते!"

दर पत्रकाला पस्तीस डॉलर. नऊ पत्रकं, तीनशे पंधरा. ती गेल्यावर डिसेंबरात मी कंपनी बंद केली. दुकान बंद करवलं नाही, कंपनी केली! म्हटलं विक्री नाही तर भरायचं काय? तीनशे पंधरा वाचले असं वहीत लिहून खाली दोन रेघाही ओढल्या.

आज डेल्बर्टला पाकिटं दाखवली. "बंद करून टाक ते सगळं, व्हर्ना." एवढंच बोलला आणि शेडमध्ये निघून गेला. लाकूड आहे माझा नवरा, लाकूड. तीन महिन्यांत डोळ्यांतून एक टिपूस नाही.

१९ फेब्रुवारी, सोमवार

डेल्बर्टने होडी विकली. भावालाच दिली. म्हणाला, आता कुणाबरोबर जाऊ मासे धरायला. किती आले ते मी विचारलं नाही. त्याची आणि तिची होडी होती ती.

२० फेब्रुवारी, मंगळवार

कंपनीला फोन केला. रोशेल म्हणून एक बाई आहे, पूर्वी आमचं काम तीच पाहायची. मला आडनावानेच बोलवते.

"अनरूबाई, शून्य असलं तरी कळवावं लागतं. परवाना चालू आहे तोवर दर महिन्याला सांगायचं, की काही विकलं नाही."

"काही नाही, हे पण सांगायचं?"

"हो. नाहीतर त्यांना वाटतं, विकलं आणि लपवलं."

"माझी मुलगी वारली, बाई."

पलीकडून हळूच — "जनेल? गुंडाळायची की अंथरायची, ती जनेल?"

हसू फुटलं मला! नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. मिनेसोटात बाळाला गुंडाळायचं दुपटं कपड्यात धरतात, त्यावर कर नाही. अंथरायच्या गोधडीवर आहे. म्हणून रोशेलने तिला विचारलं होतं, तुमची गोधडी गुंडाळायची की अंथरायची? जनेल म्हणाली होती, "थांबा, बाळाला विचारून सांगते." मी इथेच बटाटे सोलत होते.

कंपनी परत लावली. मागची सगळी शून्याची पत्रकं रोशेल भरते आहे. दुकानही बंद करायचं का, विचारलं तिने, तिला तिकडून ते करता येतं. म्हटलं, आत्ता नको. दुकानाचा पासवर्ड जनेलबरोबरच गेला, तरी दुकान उघडं आहे. मिझुरीतल्या भाड्याच्या गोदामात तिच्या चौदा गोधड्या पडून आहेत. कुणी पैसे भरले तर तिथली माणसं बांधून पाठवतात. ती नसली तरी.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

दंड माफ व्हावा म्हणून अर्ज. नऊ राज्ये, नऊ अर्ज. प्रत्येकावर एक रकाना — उशिराचे कारण. नऊ वेळा लिहिलं. सातव्या वेळी "मुलगी" शब्दावर पेन फुटलं. तो कागद पुन्हा मागवावा लागणार.

५ एप्रिल, शुक्रवार

रोशेलकडून मार्चच्या विक्रीचा राज्यवार तक्ता आला. आठ राज्यांपुढे शून्य. कॅन्सासपुढे — एक!

एक गोधडी गेली! आमच्याच राज्यात कुणीतरी घेतली. म्हणजे कुणाच्या तरी घरी बाळ झालंय. डेल्बर्टला दाखवलं. "बरं झालं," म्हणाला, आणि लोणी पुढे सरकवलं. मी दोनदा वाढून घेतलं.

संध्याकाळी गुडघे टेकले. प्रभू, त्या बाळाला सांभाळ. तिच्या हातचे टाके आहेत त्याच्या अंगाखाली.

६ मे, सोमवार

एप्रिलच्या दोन. दोन्ही कॅन्सासच्या. तीन बाळं झाली आता.

एकेकाचं वेगळं मागते. एकाला ताप न यावा, एकाला दूध पचावं, एकीला आईचा धीर मिळावा. शिलाईयंत्रावरचं कापड आज काढलं. नुसतं पुसून परत झाकलं.

५ जून, बुधवार

मेच्या तीन! सहा झाली.

न राहवून रोशेलला विचारलं, कुठल्या गावाला गेल्या हो? "नावं माझ्याकडे येत नाहीत, अनरूबाई. नुसती कुठला कर लागला ते दिसतं. कॅन्सासला जिल्ह्याचा वेगळा लागतो, गावाचा वेगळा." मग कळांची टकटक ऐकू आली. "सगळ्या मॅकफर्सन जिल्ह्यात."

आमचाच जिल्हा!

"आणि गावाचा कर कुठेच नाही. म्हणजे गावहद्दीच्या बाहेर कुणीतरी. सहाच्या सहा."

गावाबाहेर, आमच्या जिल्ह्यात, सहा गोधड्या. सहा बाळं कुणाकडे होतील? की एकच आजी घेतेय सगळ्या! ट्वायला वोथ — पलीकडच्या शेतातली, चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसते. तिच्या दोन सुनांना दिवस आहेत. तीच असणार. माझ्यावर दया म्हणून घेते आहे. दया नको आहे मला.

९ जून, रविवार

उपासनेनंतर ट्वायलाला गाठलं, कॉफीच्या टेबलापाशी.

"ट्वायला, गोधड्या तू घेतेस ना?"

"कसल्या गोधड्या?"

"जनेलच्या."

"दीडशे डॉलरच्या?"

"एकशे साठ."

"अगं बाई! मी? माझ्या नातवंडांना मी जुन्या शर्टांच्या शिवते आणि तीही कुरकुर करते की बटणं टोचतात." मग माझं तोंड बघून कप खाली ठेवला. माझा हात धरला. "जनेलची एक घ्यायला हवी होती मी. ती होती तेव्हा. लाज वाटते आता सांगायला."

ट्वायला नाही. ट्वायला खोटं बोलत नाही, खोटं बोलण्याइतकं गोड बोलायलाच तिला जमत नाही.

१८ जून, मंगळवार

कापणी सुरू झाली. सकाळपासून गरम वारा. दुपारी शेतावर जेवण न्यायचं होतं, थंड पाण्याचं मोठं भांडं शेडमध्ये असतं म्हणून तिकडे गेले.

होडीची जागा रिकामी असायला हवी. तिथे ताडपत्री. ताडपत्रीखाली खोकी. मिझुरीच्या गोदामाची. पत्ता गावाबाहेरच्या सहकारी धान्यकोठाराचा, जिथे डेल्बर्ट रोज जातो. नाव डेल्बर्टचं.

आठ खोकी. सात चिकटपट्टीसकट, न उघडलेली. आठवं उघडं होतं. त्यात हिरव्या चौकटींची गोधडी, आणि तिच्यावर त्याची टोपी. तो तिथे बसतो. खोक्याशेजारी उलटी बादली होती.

पाणी नेलं. जेवण नेलं, खिमा-कोबी भरलेले पाव. मळणीयंत्रावरून उतरून तो म्हणाला, "बीरॉक आणलेस? वा." मी म्हटलं, गरम आहेत, तोंड भाजेल.

१९ जून, बुधवार

ती बाळं नाहीत. एकही नाही. एप्रिलपासून मी कुणासाठी मागत होते?

२१ जून, शुक्रवार

गुडघे टेकले. शब्द आले नाहीत. उठले.

५ जुलै, शुक्रवार

जूनच्या चार. दहा झाल्या. सगळ्या आमच्या जिल्ह्यातल्या, गावाबाहेरच्या. तक्ता टेबलावर ठेवला. डेल्बर्टने तिरकं बघितलं — माझ्याकडे, तक्त्याकडे नाही. मला आता कळतंय तो काय बघतो.

मी हसले. त्याच्यासाठी.

२२ जुलै, सोमवार

आज झालं. नाश्त्याला, अंडी तव्यावर असताना, माझ्या तोंडून निघून गेलं.

"होडीचे किती आले होते?"

"तेवीसशे."

"उरले किती?"

"चोपन्न."

मनातल्या मनात मांडलं. तेरा गोधड्या, वर कर. बरोबर येतं. या महिन्यात आणखी तीन घेतल्या म्हणजे. आणि ते पैसे फिरून आमच्याच खात्यात आले, कर तेवढा सरकारकडे गेला. स्वतःच्या लेकीच्या गोधड्यांवर कर भरला ह्या माणसाने, दर वेळी, पूर्ण!

"गोदामाला सांगितलं असतंस तर फुकट परत पाठवल्या असत्या, डेल्बर्ट."

"ठाऊक आहे."

"मग?"

"पहिली नुसती हवी होती म्हणून घेतली. कुणा परक्याकडे जायला नको वाटलं. मग तो कागद आला आणि तू दोनदा जेवलीस." अंड्यांकडे बघत होता. "म्हणून दुसरी घेतली."

"मी त्या बाळांसाठी प्रार्थना करत होते रे."

"ऐकू यायचं मला."

"आणि तरी गप्प बसलास?"

"तुला दहा बाळं झाली होती, व्हर्ना. कशी काढून घेऊ?"

अंडी करपली. माझं लाकूड टेबलावर डोकं ठेवून रडलं. एवढा मोठा माणूस, खांदे कसे हलत होते! मी शेगडी बंद केली आणि त्याच्या मानेवर हात ठेवून उभी राहिले. कापणीचं तूस अजून निघालं नव्हतं कॉलरमधून.

मग ठरवलं. शेवटची एक उरली आहे गोदामात, ती त्याने घ्यायची नाही. ऑगस्टअखेरपर्यंत राहू द्यायची. कुणी घेतली तर घेतली. नाहीतर दोघांनी गाडी घेऊन जायचं, तिला घरी आणायचं, आणि दुकानाला कुलूप.

२४ जुलै, बुधवार

रोशेलने सात राज्यांची शेवटची पत्रकं तयार केली. मिझुरीत माल आहे आणि कॅन्सास घरचं, ती दोन राहू दे म्हणाली. बाकी बंद. प्रत्येकावर एक चौकोन — "हे शेवटचे पत्रक आहे" — तिथे खूण करायची. खाली सही माझी.

इलिनॉय. आयोवा. कोलोराडो. ओक्लाहोमा. टेक्सास. मिनेसोटा — गुंडाळायची की अंथरायची, आता कुणी विचारणार नाही. नेब्रास्का, ज्याचं पहिलं पत्र आलं होतं.

दुकान काही आठवड्यांचंच उरलं होतं हे मला ठाऊक होतं. पण सात वेळा खूण करायची म्हणजे सात वेळा पुरणं आहे.

५ ऑगस्ट, सोमवार

जुलैच्या तीन, कॅन्सास. त्या कुणाच्या ते ठाऊक आहे. सगळी खोकी आम्ही घरात आणली. तिच्या पलंगावर रचली.

३१ ऑगस्ट, शनिवार

महिना संपला. रोशेलकडे चौकशी केली नाही, आकडा आपोआप येईल. डेल्बर्टने गाडीत तेल भरून ठेवलंय. मंगळवारी मिझुरीला जायचं म्हणतो. म्हटलं, तक्ता येऊ दे.

झ्वीबाक पाव केले. दोन जास्त झाले, नेहमीप्रमाणे. तीन माणसांचं प्रमाण हातातून जात नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

रोशेलचाच फोन. "अनरूबाई, माझ्याकडून एक चूक झाली. नेब्रास्काचा परवाना आपण बंद केला, पण दुकानातला तिथला कर काढायचा राहिला. एकोणतीस ऑगस्टला एक विक्री झाली. अकरा डॉलर वीस सेंट घेतले गेलेत. घेतले म्हणजे द्यावेच लागतील, आणि त्यासाठी परवाना पुन्हा उघडावा लागेल. एका गोधडीसाठी पस्तीस डॉलरचं पत्रक. मी वरिष्ठांना विचारते, काही सोपा मार्ग —"

डेल्बर्ट दारात उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने दोन्ही हात वर केले, आणि मान हलवली. तो नाही.

नेब्रास्का. एक.

म्हटलं, "उघडा."